शब्दांची ऊठबस

इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटार ‘पॉवरफुल’ असते. तिला ‘स्ट्राँग’ म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थबकतो. कोशात पाहावं तर दोन्ही विशेषणांचे अर्थ जवळजवळ सारखेच. मग चहाने एकाशी सोयरीक केली आणि मोटारीने दुसऱ्याशी, हे ठरवलं कुणी? मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने 1966 साली एका लेखात या चहाची चर्चा केली आणि तेव्हापासून अभ्यासकांच्या जगात तो सारखा उकळतोच आहे. ठरवलं कुणीच नाही. व्याकरणाचा नियम त्यामागे नाही, तर्कही नाही, तरी संकेत असा पक्का की मोडायला गेलं तर मोडणाराच उघडा पडतो. आपल्याकडे घाम दरदरून फुटतो, अश्रू घळाघळा वाहतात आणि पाऊस धो धो पडतो. यांची अदलाबदल करून एक वाक्य म्हणून पाहावं. शब्द सगळे मराठीच राहतील, वाक्य मात्र मराठी राहणार नाही.

हे पुस्तक इंग्रजीतल्या अशा सोयरिकींविषयी आहे. त्यात नेहमीच्या जोड्या आहेत, ठरलेले साचे आहेत आणि वाक्प्रचारही आहेत. पण वाचकाने वाक्प्रचारांच्या आशेने पहिलं पान उघडलं असेल तर आधीच सांगून ठेवतो, त्यांना इथे मानाचं पान नाही. रोजच्या इंग्रजीचा भार पेलतात ते साधे, नजरेत न भरणारे शब्दसमूह. मराठी माणसाचं इंग्रजी अडतं तेही तिथेच.

आपण इंग्रजी शिकलो ते कसं, ते जरा आठवावं. मधोमध रेघ मारलेली वही, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. त्याच्या जोडीला व्याकरण. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागल्या, वर्तमानपत्रांना खरमरीत पत्रं लिहू लागल्या. त्या पाठमालेला नावं ठेवण्याची माझी छाती नाही. काळ, वचन, प्रयोग यांत त्या पिढीचा पाय क्वचितच घसरे. पण या सगळ्या पद्धतीच्या बुडाशी एक गृहीत होतं: शब्द म्हणजे विटा, व्याकरण म्हणजे चुना, आणि दोन्ही हाताशी असले की हवी ती भिंत उभी राहते. इंग्रजी तशी बांधली जात नाही. खरं तर कुठलीच भाषा तशी बांधली जात नाही.

ही गोष्ट इंग्रजांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि ज्यांच्या लक्षात आली त्यांतले बहुतेक परक्यांना इंग्रजी शिकवणारे निघाले. घरच्या माणसाला घरातल्या वस्तू दिसत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला छोटंसं अव्यय जोडून होणाऱ्या प्रयोगांबद्दल लिहिताना परदेशी माणसाची अडचणच पुढे केली होती. साध्या ‘पुट’ला ‘ऑफ’ लागलं की काम पुढे ढकललं जातं, ‘आउट’ लागलं की आग विझते, ‘अप विथ’ लागलं की माणूस निमूट सोसायला लागतो. इंग्रजाला यात विशेष काही वाटत नाही. आपल्याला तरी ‘बोलून बसलो’ म्हणताना कुठे काही वाटतं? मराठी शिकणारा परदेशी मात्र विचारणार, बोललात हे कळलं, बसलात कुठे? त्या ‘बसलो’मध्ये पश्चात्ताप आहे, ‘सांगून टाकलं’मधल्या ‘टाकलं’मध्ये सुटकेचा नि:श्वास आहे, हे त्याला कुठल्या वहीत सापडायचं!

पुढचा मोठा टप्पा गाठला गेला तो थेट जपानात. हॅरॉल्ड पामर हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून 1922 साली तिथे गेले आणि पुढच्या वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. जपानी विद्यार्थ्यांना शब्द येत होते, व्याकरण येत होतं, तरी वाक्य बेसूर का होतं, याचा शोध घेता घेता पामर आणि त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी हजारो शब्दजोड्या गोळा करत बसले. 1933 साली त्यांचा त्यावरचा अहवाल निघाला. याच कामातून हॉर्नबींचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश तयार झाला. तो 1942 साली, म्हणजे ऐन युद्धात, जपान आणि ब्रिटन एकमेकांचे शत्रू असताना, टोकियोत छापला गेला. 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात किंवा फोनमध्ये असलेला जाडजूड ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स तो हाच.

जे. आर. फर्थ यांचीही कथा तशीच. 1920च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे 1944 साली लंडनला सामान्य भाषाशास्त्राच्या प्राध्यापकपदावर बसणारे ते ब्रिटनमधले पहिले. शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार त्यांनी मांडला. आपल्या भाषेत सांगायचं तर शब्दाचा स्वभाव त्याची ऊठबस कुणाकुणात आहे त्यावरून कळतो. लाहोरच्या वर्गातल्या अनुभवाचा या विचारात किती वाटा होता हे सांगणं कठीण, पण परक्या कानांवर पडणारं इंग्रजी ऐकण्याची सवय त्यांना होती एवढं नक्की.

विचार सुचणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. ते दाखवून दिलं बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांनी. 1980 साली कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळावर त्यांनी ‘कोबिल्ड’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पुस्तकं, वर्तमानपत्रं, रेडिओ, संभाषणं असं खरंखुरं इंग्रजी संगणकात भरायचं आणि त्यावरून कोश रचायचा. 1987 साली कोश निघाला तेव्हा साठा दोन कोटी शब्दांच्या आसपास पोचला होता. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, पण तोवर कोशकार स्वतःच्या कानावर आणि जुन्या कोशांवर भिस्त ठेवत होते.

त्या साठ्यातून हव्या त्या शब्दाची छापील यादी निघे. पानाच्या मधोमध तो शब्द, एकाखाली एक, शे-दोनशे वेळा, आणि दोन्ही बाजूंना चार-सहा शब्दांचा संदर्भ. या उभ्या रांगेवरून नुसती नजर फिरवली तरी कधी कुणाच्या ध्यानात न आलेल्या गोष्टी वर येऊ लागल्या. सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ हा साधा प्रयोग घेतला. अर्थ एवढाच की एखाद्या गोष्टीने मूळ धरलं, ती सुरू झाली. आता डावीकडच्या रांगेत पाहावं, काय काय ‘सेट इन’ होतं? कुजणं, संसर्ग, निराशा, ऱ्हास, खराब हवा. आनंद ‘सेट इन’ होताना जवळजवळ दिसत नाही, भरभराटही नाही. हे तोवर कोशांनी सांगितलेलं नव्हतं आणि कुठल्या इंग्रजाला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. तरी प्रत्येक इंग्रज ते पाळत होता. ‘कॉज’ या क्रियापदाचंही तेच. कारण कशाचंही असू शकतं, पण हा शब्द अपघात, नुकसान, मृत्यू, त्रास यांच्याच टोळक्यात वावरतो.

मराठीत पाहायला लागलं की गंमत वाढते. ‘कारणीभूत’ या शब्दाचा कोशातला अर्थ निर्मळ आहे, पण मुलाच्या यशाला आई कारणीभूत ठरली असं कुणी लिहिलं तर आईवर काहीतरी आळ आल्यासारखं वाटतं. भ्रष्टाचार बोकाळतो, सदाचार बोकाळत नाही. बंगल्याची रया जाते. रया आल्याचं कुणी ऐकलं आहे?

या सगळ्यावरून सिंक्लेअर यांनी काढलेला निष्कर्ष त्या वेळी धाडसाचा होता. बोलणारा दर शब्दापाशी थांबून मोकळेपणाने निवड करतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा अर्धवट तयार तुकडे उचलतो आणि ते पुरेनात तेव्हाच सुटे शब्द जुळवायला बसतो. पुढे 2000 साली ब्रिट एर्मान आणि बेआट्रिस वॉरेन या स्वीडनमधल्या दोन अभ्यासकांनी इंग्रजीचे काही बोललेले आणि लिहिलेले उतारे मोजून पाहिले, तर निम्म्याहून जास्त मजकूर अशा तयार तुकड्यांचा निघाला. त्याच्याही आधी, 1983 साली, अँड्र्यू पॉले आणि फ्रान्सिस सायडर यांनी प्रश्न विचारला होता: लग्नाची मागणी घालायला व्याकरणशुद्ध अशी डझनावारी वाक्यं रचता येतात, मग माणसं त्यातली दोन-तीनच का वापरतात? आणि सेकंदाला तीन-चार शब्दांच्या वेगाने बोलताना विचार करायला वेळ मिळतो कुठून? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. तुकडे तयार असतात.

मराठी माणसाला सर्वांत जास्त नडतात ती फुटकळ क्रियापदं. इंग्रज फोटो ‘टेक’ करतो, आपण काढतो. झोपही काढतो, कर्जही काढतो, खोड्या काढतो, दिवस काढतो आणि वेळ आली तर एखाद्याची खरडपट्टीही काढतो. या ‘काढण्या’त मुळातलं काढणं किती उरलं आहे? ‘खाणे’ घ्या: मार, दम, भाव, डोकं, हवा आणि अर्थातच पैसे. नामाने अर्थ वाहायचा आणि क्रियापदाने नुसतं सोबतीला जायचं, अशी ही वाटणी. इंग्रजीत ‘टेक’, ‘मेक’, ‘हॅव’, ‘डू’, ‘गिव्ह’ हेच काम करतात, फक्त वाटणी वेगळी झाली आहे. चूक ‘मेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो. आंघोळ ब्रिटिश माणूस ‘हॅव’ करतो, अमेरिकन ‘टेक’ करतो. निर्णयाच्या बाबतीत अमेरिकेत ‘मेक’ चालतं, ब्रिटनमध्ये दोन्ही. आणि परीक्षा! आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतो. व्यवहार तोच, दिशा उलटी. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर दिवसातून कितीतरी वेळा उच्चारलं जातं आणि लंडनच्या माणसाला वाटतं, हा पोरगा एवढ्यात प्राध्यापक झाला की काय.

आता वाक्प्रचारांकडे येतो. शाळेच्या गाइडांनी यांचा फार लाड केला. मुसळधार पावसाला मांजरं-कुत्री पडताहेत असं म्हणायचं हे प्रत्येकाने पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. पुढे इंग्लंडला गेलेल्यांना तिथे पाऊस भरपूर भेटला, मांजरं-कुत्री फारशी भेटली नाहीत. रोझमंड मून यांनी एक कोटी ऐंशी लाख शब्दांच्या साठ्यात असे हजारो प्रयोग शोधून 1998 साली ग्रंथ लिहिला. त्यातले बहुसंख्य प्रयोग दहा लाख शब्दांमागे एकदाही येत नाहीत, असं त्यांना आढळलं. दहा लाख शब्द म्हणजे आठ-दहा जाडजूड कादंबऱ्या. गाइडमध्ये ज्याला पान पान दिलं जातं त्याची खऱ्या भाषेतली हजेरी एवढी.

तरी अभ्यासाला वाक्प्रचार मोठे रसाळ आहेत, आणि त्यांच्यातही एक फरक आहे जो गाइडं कधी सांगत नाहीत. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. दोन्हींची घडण सारखीच. पण पहिल्याचा कर्मणी प्रयोग करता येतो, बीन्स कुणाकडून तरी सांडल्या गेल्या असं इंग्रजीत सुखाने म्हणता येतं. दुसऱ्याचा केला तर खरोखरीच कुणीतरी बादलीला लाथ मारली असा अर्थ होतो आणि मेलेला माणूस जिवंत होतो. कारण असं सांगतात की पहिल्यात सांडणं म्हणजे उघड करणं आणि बीन्स म्हणजे गुपितं अशी फोड करता येते. दुसऱ्यात बादली म्हणजे काय याला उत्तरच नाही. मराठीत ‘त्याचं पितळ उघडं पाडलं’ आणि ‘त्याचं पितळ उघडं पडलं’ दोन्ही चालतं. ‘त्याने राम म्हटला’ हे मात्र तसंच ठेवावं लागतं. ‘त्याच्याकडून राम म्हटला गेला’ असं कुणी सांगत आलं तर तिरडी बांधायला घेण्याआधी माणसं हसतील.

जोडशब्दांवर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. इंग्रजीत ‘फ्लेश अँड ब्लड’, आपल्याकडे रक्तमांस. त्यांच्या सभेत आधी लेडीज मग जंटलमन, आपल्या सभेत आधी बंधू मग भगिनी. क्रम उलटा लावला तरी अर्थ तोच राहतो, पण कानाला टोचतं. कायद्याच्या इंग्रजीत जोड्यांचं पीक जास्त. 1066च्या नॉर्मन स्वारीनंतर इंग्लंडच्या दरबारात फ्रेंचचा अंमल बसला आणि देशी शब्दाशेजारी फ्रेंच किंवा लॅटिन वळणाचा शब्द बसू लागला. मृत्युपत्राचं ‘विल अँड टेस्टामेंट’ हे त्यातलंच. आपल्याला हे नवं वाटू नये. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, लाजशरम या प्रत्येकात एक शब्द फारसी-अरबी वाटेने आलेला आणि एक इथला आहे.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मात्र साच्यांना दिला आहे. साचा म्हणजे काही जागा पक्क्या आणि काही जागा रिकाम्या. हॉटेलात बसलेला गिऱ्हाईक वेटरला विचारतो, माझ्या सूपमध्ये ही माशी काय करते आहे? वेटर वाकून पाहतो आणि सांगतो, पोहते आहे साहेब. हा विनोद जुना आहे, पण पॉल के आणि चार्ल्स फिलमोर या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी 1999 साली त्यावर एक लांबलचक शोधनिबंध लिहिला. गिऱ्हाइकाचा प्रश्न हा प्रश्न नाहीच, ही माशी इथे असायला नको होती ही तक्रार आहे. ही तक्रार वाक्यातल्या कुठल्याही शब्दात नाही, ती साच्यात आहे. वेटर साचा बाजूला सारून शब्दांनाच उत्तर देतो म्हणून हसू येतं. अर्थ शब्दांत असतो आणि व्याकरण तो नुसता जोडतं, या समजुतीला अशा साच्यांनी चांगलाच धक्का दिला.

काही साचे वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून पसरतात. अमुक रंग म्हणजे नवा काळा, असं फॅशनच्या जगात म्हणत. मग त्या दोन जागांवर वाटेल ते भरलं जाऊ लागलं आणि एका अमेरिकन मालिकेचं नावही त्यावरून पडलं. अशा साच्यांना नाव हवं, असं जेफ्री पुलम यांनी सुचवलं आणि ग्लेन व्हिटमन यांनी 2004 साली ‘स्नोक्लोन’ हा शब्द काढला. एस्किमोंच्या भाषेत बर्फाला अमुक इतके शब्द आहेत, तर आमच्या धंद्यात तमुकला किती असतील, ही पत्रकारांची घासून गुळगुळीत झालेली सुरुवात पुलम यांना टोचत होती, म्हणून नावात बर्फ. मराठीत अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटाने असाच साचा दिला. त्यातलं गाव काढून महापालिका, महामंडळ, साहित्य संमेलन काहीही बसवा, मथळा तयार. उपसंपादकांना यावरून नावं ठेवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. रात्री अकराला पान सोडायचं असताना माणूस हाताशी असेल तेच उचलणार, आणि वाचकालाही ओळखीचा साचा नव्या शब्दासह भेटला की बरंच वाटतं.

साच्यांचं सर्वांत नाजूक काम शिष्टाचाराचं. साहेब बाहेर गेलेत हे सांगताना इंग्रज स्वागतिका ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरुवात करते; ती कुणाला घाबरलेली नसते. खिडकी उघडली तर तुमची हरकत आहे का, असं ‘वुड यू माइंड’ने विचारलं की ‘नो’ म्हणजे होकार, आणि घाईत ‘येस’ म्हणून गेलेले आपले कितीतरी लोक बंद खिडकीत उकडत बसले असतील. ‘आय वॉज वंडरिंग’ यात तर आत्ताची विनंती भूतकाळात ढकलली जाते, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. ही युक्ती इंग्रजांची एकट्याची नाही. पैसे उसने मागायला आलेला माणूस आपल्याकडे दारातच म्हणतो, ‘इकडून चाललो होतो, म्हटलं जरा डोकावून जावं.’ चाललो होतो, म्हटलं, सगळा भूतकाळ. काम वर्तमानातलं असतं आणि तो आत येऊन चहा झाल्याशिवाय ते बाहेर निघत नाही.

राहता राहिला आपल्या इंग्रजीचा प्रश्न. ‘डू द नीडफुल’ला हसण्याची हल्ली पद्धत पडली आहे, पण तो प्रयोग आपण घडवलेला नाही. तो साहेबाच्याच कचेरीतला. त्यांच्याकडे मावळला, आपल्याकडे टिकला. ‘प्रीपोन’ मात्र इथला, आणि हॉर्नबींच्या त्याच कोशात आता तो भारतीय इंग्रजी अशा खुणेने नांदतो आहे. म्हणून असे प्रयोग मी चुकांच्या यादीत घातलेले नाहीत. कुठे चालतात आणि कुठे भुवया उंचावतात एवढंच नोंदवलं आहे. ‘आय गेव्ह माय एक्झाम’लाही तीच खूण आहे, कारण ते बोलणारे आता इतके झालेत की लंडनच्या माणसालाच सवय करून घ्यावी लागेल. फोटो ‘रिमूव्ह’ करणाऱ्यांना मात्र ही सवलत दिलेली नाही. निदान या आवृत्तीत तरी नाही.